थरथरत जन्मलेली पिल्लं

नोकरीत असताना लग्नकार्यात कुणी मला "तुम्ही काय करता?" असं विचारलं, की माझे यजमान माझ्याआधीच उत्तर देऊन टाकायचे, "ती सरकारी प्रयोगशाळेत आहे." वाक्य तिथेच संपावं अशी त्यांची इच्छा असायची. मी मात्र उरलेलं सांगायचेच, "डुकरांचे आजार बघते." मग समोरच्या बाई हातातली जिलबी ताटलीत ठेवायच्या आणि माझ्या हातांकडे बघायच्या.

मी पशुवैद्यक. नाशिकच्या आमच्या प्रयोगशाळेत गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांचे नमुने यायचे. डुकरांचेही यायचे, पण ते टेबल कुणाला नको असायचं, म्हणून रुजू झाल्या झाल्या माझ्याकडे आलं. पुढे मी ते कुणाला दिलं नाही. डुक्कर हा फार शहाणा प्राणी आहे. जागा ऐसपैस दिली तर झोपायची आणि घाण करायची जागा तो आपणहून वेगळी ठेवतो. ओळखीचा माणूस दिसला की कान हलवतो. हे मी घरी सासूबाईंना सांगायचे, तेव्हा त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "असेल. तू आधी आंघोळ करून ये."

आमच्याकडे येणारी माणसंही मोठी मजेशीर. डुकरं पाळतो हे चारचौघांत सांगायची पंचाईत असते, त्यामुळे नमुने लपतछपत यायचे. येवल्याकडचे एक गृहस्थ तर मेलेलं पिल्लू पैठणीच्या खोक्यात बर्फ भरून एसटीने घेऊन आले होते. वर दुकानाचं नाव, सोनेरी दोरी, सगळं साग्रसंगीत. शेजारच्या सीटवरच्या बाई लासलगावपासून मागे लागल्या होत्या, जरा काठ तरी दाखवा. हे म्हणाले, नवरीची आहे, तिच्याआधी कुणी बघायची नाही. निफाडपर्यंत बर्फ वितळून खोकं गळायला लागलं, तेव्हा त्या बाई स्वतःच उठून पुढच्या सीटवर गेल्या. हे सगळं त्यांनी मला इतक्या गंभीरपणे सांगितलं, की ते जाईपर्यंत मला हसताही येईना.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट रंजनाताई आणि सुदामभाऊंची. माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती तेव्हाची. त्यांचं गाव एकलहऱ्याच्या पुढे आहे. गावाचं नाव मात्र लिहिणार नाही, तसा शब्द दिला आहे.

सुदामभाऊ आधी औष्णिक वीज केंद्रात कंत्राटी कामगार होते. काम सुटलं तेव्हा घरच्या तुकड्यावर भाजीपाला होताच, पण दोघांनी एका शिबिरात पांढऱ्या विलायती डुकरांबद्दल ऐकलं आणि शेड उभारली. नाशिक रोडच्या हॉटेलांतलं उरलंसुरलं अन्न सुदामभाऊ टेम्पोने आणायचे, रंजनाताई ते मोठ्या पिंपात उकळून घालायच्या. भावकीने त्यांच्याशी बोलणं जवळजवळ टाकलं होतं. माळकरी चुलतसासरे तर त्यांच्या बांधावरून जायचे नाहीत. लांबचा रस्ता घ्यायचे. रंजनाताईंना त्याचं वाईट वाटायचं, पण शेडमध्ये पाऊल टाकलं की विसरायला होतं, असं त्या सांगायच्या.

त्यांच्याकडची सोनी नावाची डुकरीण पहिल्यांदाच व्याली आणि तिची सगळी पिल्लं थरथरत जन्मली. रंजनाताईंनी फोनवर व्हिडिओ पाठवला. मी तो प्रयोगशाळेत उभ्या उभ्या पाहिला. गुलाबी, गुबगुबीत पिल्लं. डोकं, पाय, शेपूट, सगळं अंग हलत होतं, जणू प्रत्येकाच्या पोटात एकेक छोटं यंत्र चालू आहे. आईच्या आचळापर्यंत जायचं, तोंड लावायचं, की थरथरीने ते सुटायचं. पुन्हा लावायचं, पुन्हा सुटायचं. बाजूला एक दमून झोपलं होतं, आणि ते झोपलेलं पिल्लू अजिबात हलत नव्हतं.

मी जाईपर्यंत त्यातली काही भुकेने मेली होती. आचळाला तोंडच टिकत नसेल तर पिल्लू दुसरं काय करणार? त्यांचं मला अजूनही वाईट वाटतं. उरलेल्यांसाठी आधी एकच गोष्ट केली. प्रत्येक पिल्लू हातात धरून आचळाला लावायचं आणि पोट भरेपर्यंत सोडायचं नाही. रंजनाताई, त्यांची मोठी जाऊ आणि मी, तिघी पेंढ्यावर मांडी घालून बसलो. जाऊबाई भावकीची भीती सोडून आल्या होत्या. सुरुवातीला त्यांनी पिल्लाला पदराने धरलं. थोड्या वेळाने पदर बाजूला गेला. "ह्याचं अंग लय गरम हाय गं," असं म्हणत त्यांनी ते छातीशीच धरलं.

तोवर गावात भलतंच सुरू झालं होतं. कुणीतरी तोच व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, आफ्रिकन स्वाइन फीवर आला. हा डुकरांचा फार वाईट ताप. माणसाला होत नाही, पण डुक्कर बहुधा वाचत नाही, आणि त्यावर लस द्यावी म्हटलं तर तेव्हा आपल्याकडे नव्हती. तो निघाला, की सरकारी नियमाप्रमाणे त्या शेडमधली आणि आजूबाजूच्या ठराविक टापूतली सगळी डुकरं मारून पुरावी लागतात. गावात बैठक बसली. सरपंच तसे समजूतदार गृहस्थ, पण त्यांच्यावर दबाव होता. त्यांनी सुदामभाऊंना सांगितलं, अहवाल काहीही येवो, तुम्ही डुकरं काढून टाका. सुदामभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी तिथेच होते, म्हणून मी बोलले. अहवाल येईपर्यंत शेड बंद राहील, आत-बाहेर काही जाणार नाही, आणि अहवाल आला की मी स्वतः येऊन सगळ्यांसमोर सांगेन. सरपंचांनी तेवढी मुदत दिली.

मेलेलं एक पिल्लू मी टेबलावर उघडून पाहिलं. तापाच्या खुणा माझ्या ओळखीच्या होत्या, सुजलेली काळपट प्लीहा, मूत्रपिंडावर लाल ठिपके. इथे तसलं काही नव्हतं. सगळे अवयव निरोगी दिसत होते. तरी माझ्या डोळ्यांवर निकाल लागत नसतो. नमुने परराज्यातल्या मोठ्या प्रयोगशाळेत गेले. अहवाल आला, आफ्रिकन ताप नाही. आपला जुना स्वाइन फीवर नाही. ठाऊक असलेल्या आणखी दोन-तीन आजारांपैकीही काही नाही. मी शब्द दिल्याप्रमाणे चावडीवर जाऊन वाचून दाखवलं. शेवटी सरपंचांनी विचारलं, "मग हाय तरी काय, मॅडम?"

मला माहीत नव्हतं. तसंच मी सांगितलं, आणि शोधते असं म्हणाले. ताप नाही म्हटल्यावर डुकरं काढून टाकायचा विषय मात्र पुन्हा कुणी काढला नाही.

आता हे शोधणं म्हणजे काय, ते थोडं सांगते. एरवी आमची तपासणी म्हणजे ओळखपरेड. अमुक विषाणू आहे का, असा प्रश्न विचारायचा, हो किंवा नाही असं उत्तर येतं. पण ज्याचं नावच माहीत नाही, त्याच्याबद्दल प्रश्न विचारायचा कसा? मग दुसरी वाट धरावी लागते. नमुन्यात जे जे काही आहे, ते सगळं वाचून काढायचं. प्रत्येक सजीवाचा, विषाणूचाही, आराखडा चार अक्षरांत लिहिलेला असतो. फक्त चार, पण हजारोंच्या ओळीने. आपल्या हाती येतात ते त्या ओळींचे तुकडे, तेही सरमिसळ. रद्दीवाल्याकडच्या पोत्यात शंभर पुस्तकं फाडून टाकली असावीत, तसं. त्यातले बहुतेक तुकडे डुकराचेच असतात. ते वेगळे काढायचे. जिवाणूंचे काढायचे. जे उरेल, ते एकमेकांना जोडत जायचं आणि जगभरच्या लोकांनी आजवर वाचून ठेवलेल्या विषाणूंशी ताडून बघायचं.

हे काम आमच्याकडे नव्यानेच आलेल्या डॉ. अनघाचं. मोबाईलएवढं यंत्र ती लॅपटॉपला जोडायची आणि समोर बसून राहायची. माझ्या पिढीला हे जादूसारखं वाटायचं. आमच्याकडे तिसरे होते खैरनार, सटाण्याकडचे, आमचे तंत्रज्ञ. नमुन्यातून ती अक्षरं सुटी करून अनघाच्या हातात द्यायची, हे नाजूक काम त्यांचं. बोलायला एकदम पुणेरी, पण फार आनंद झाला की त्यांची अहिराणी बाहेर पडायची.

पोत्यातले तुकडे जुळवता जुळवता अनघाला एक लांब ओळ मिळाली. डुकराची नाही, जिवाणूची नाही. ताडून पाहिली तर परदेशात अशाच थरथरणाऱ्या पिल्लांत सापडलेल्या एका विषाणूशी तिचं नातं लागत होतं. नातं होतं, पण लांबचं. सख्खं नाही, चुलतही नाही. एवढा फरक असलेला कुणी आजवर कुणाला सापडल्याचं नोंदलेलं नव्हतं. अनघाने दोनदा तपासलं आणि मग खुर्ची मागे सारून आमच्याकडे बघितलं. खैरनार पडद्याजवळ वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, हाई ते नवंच शे."

आम्ही तिघांनी चहा मागवला. चहाबरोबर भजीही मागवली.

पण एका यंत्राने वाचलं म्हणून विषाणू सिद्ध होत नाही. मग आम्ही त्याच्या आराखड्यातला एक तुकडा धरून खास त्याच्यासाठी ओळखपरेड तयार केली. थरथरणाऱ्या पिल्लांचं रक्त, दुसऱ्या गावच्या ठणठणीत पिल्लांचं रक्त, आणि शेवटच्या नळीत नुसतं शुद्ध पाणी. पाण्यात काही सापडता कामा नये. पाणी म्हणजे आमचा साक्षीदार. आणि पहिल्याच खेपेला पाण्यातही विषाणू सापडला.

त्या वेळचे आमचे चेहरे कुणी बघायला नको होते. याचा अर्थ एकच, कुठेतरी नमुना उडाला, मिसळला, आणि आता आपल्याकडचा एकही निकाल खात्रीचा नाही. मी वरिष्ठांना कळवलं. ते म्हणाले, उगाच नव्याच्या मागे लागू नका, साधा अहवाल देऊन विषय मिटवा. अनघा खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिचं नोकरीतलं पहिलंच मोठं काम होतं. खैरनारांनी मात्र बाह्या सरसावल्या. खोली रिकामी केली, टेबलं धुतली, जुनी सगळी द्रावणं टाकून दिली, आणि पाण्याची नळी भरायचं काम वेगळ्या खोलीत, वेगळ्या माणसाकडे दिलं. तो वेगळा माणूस मी. सुट्या केलेल्या अक्षरांना हात न लावलेली तेवढी मीच उरले होते. मी पुन्हा रंजनाताईंच्या शेडवर गेले, पिल्लांचं ताजं रक्त आणून थेट खैरनारांच्या हवाली केलं आणि आंघोळ करून, कपडे बदलून माझ्या खोलीत पाणी भरत बसले. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत मी नळीत पाणी भरते आहे, याचं मला हसूही येत होतं.

या खेपेला पाणी कोरं आलं. ठणठणीत पिल्लं कोरी आली. थरथरणारी सगळी पिल्लं, एकूण एक, विषाणूसकट आली. मरून गेलेल्या पिल्लाच्या मज्जारज्जूत तर तो भरलेलाच होता. अनघाने मला मिठी मारली, आणि मग आपण मॅडमना मिठी मारली हे लक्षात येऊन ती लाजली.

पुढे काही महिने त्याचा आराखडा पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पुरा करण्यात गेले. टोकांची अक्षरं सर्वांत चिवट. तिथे यंत्रही अडखळतं. ती मिळाली, तसा तो असे आराखडे साठवणाऱ्या जगाच्या सार्वजनिक पेढीत जमा केला. आता कुठल्याही देशात कुणाला पोत्यात अनोळखी तुकडा सापडला, तर तो आमच्याशी ताडून बघता येईल. वरिष्ठांनी स्वतः फोन करून अभिनंदन केलं. त्यांनी जुनं काही काढलं नाही, मीही काढलं नाही.

त्याआधीच, पाणी कोरं आल्या आल्या, सुदामभाऊंना मी हे समजावायला गेले, तेव्हा मला भीती होती, की मी फार किचकट बोलेन. मी म्हटलं, तुम्ही वीज केंद्रात होता. तारेवरचं रबर निघालं तर काय होतं? ते म्हणाले, करंट भलतीकडं जातो. पिल्लांचं तेच झालंय, मी सांगितलं. पिल्लू पोटात असतानाच हा विषाणू मज्जातंतूंवरचं आवरण नीट तयार होऊ देत नाही. मेंदूचा निरोप पायापर्यंत धड जात नाही, म्हणून अंग थरथरतं. झोपेत निरोप थांबतात, म्हणून थरथर थांबते. वाढ होते तसं आवरण भरत येतं. सुदामभाऊंनी पिल्लांकडे बघितलं. "म्हंजे रबर चढतं परत," ते म्हणाले, आणि किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर जरा मोकळेपणा दिसला.

आणि खरंच चढत होतं. हातात धरून पाजलेली पिल्लं जगली. आधी सगळं अंग हलायचं, मग नुसतं डोकं, मग धावताना कान तेवढे. मोठी झाल्यावर त्यांतली कोणती आजारी होती, हे ओळखायला मलाही जवळ जावं लागायचं.

आता प्रश्न राहिला, आला कुठून? रंजनाताईंनी नुकताच एक नर विकत आणला होता. त्याचं नाव राजा. धिप्पाड, प्रेमळ, पाठ खाजवली की आडवा होणारा. त्याच्या वीर्यात विषाणू सापडला. राजा वरून अगदी ठणठणीत होता, पण तो हे सोनीला देत होता आणि सोनी पिल्लांना. राजाला ठेवता येणार नाही, हे सांगणं मला जड गेलं. रंजनाताईंनी वाद घातला नाही. त्याला न्यायला गाडी आली, तेव्हा त्या शेडच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. ज्या व्यापाऱ्याकडून तो आणला होता, त्याला मी बरेच फोन केले. आधी तो म्हणाला नगरहून आणला, मग म्हणाला गुजरातेतून, मग फोन उचलेनासा झाला. त्यामुळे हा विषाणू मुळात कुठला, किती वर्षांपासून आपल्याकडे आहे, हे आम्हाला कळलं नाही. ती हुरहुर आहेच.

मग सरपंच एक दिवस उपसरपंचांना घेऊन प्रयोगशाळेत आले. दोघांनी नवे सदरे घातले होते. मला वाटलं सत्काराचं काही असेल. ते खुर्चीच्या कडेला बसले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, एक इनंती हाय. त्या रोगाला आमच्या गावाचं नाव नका देऊ. टमाटे कोन घेईल आमचे?" पूर्वी अशी गावांची नावं दिली जायची, हे त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. मी सांगितलं, आता तसं करत नाहीत, गावाचं नाव कुठेही येणार नाही. तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले आणि चहा घेतला.

हे मी रंजनाताईंना सांगितलं तर त्या उलट नाराज झाल्या. सगळं आपल्या शेडमध्ये घडलं, रात्रंदिवस पिल्लं आपण पाजली, आणि नाव कुणाचंच नाही? मी म्हटलं, अक्षरं आणि क्रमांक असं काहीतरी लावतात. त्या म्हणाल्या, "आमी त्याला थरथऱ्या म्हनतो. तुमचं तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या." आमच्या प्रयोगशाळेतही मग तेच नाव रूढ झालं. अनघा परिषदेत बोलायला गेली, तेव्हा तिथे चुकून थरथऱ्या म्हणाली, आणि सभागृहात कुणीतरी त्याचं इंग्रजी स्पेलिंग विचारलं.

इतकं सगळं झालं तरी खरी परीक्षा बाकी होती. सोनीला परत गाभण करायचं का? सुदामभाऊ म्हणत होते, नको, विकून टाकू. माझा सल्ला वेगळा होता. एकदा हा विषाणू होऊन गेला की मादीच्या अंगात त्याविरुद्ध ताकद येते, आणि पुढची पिल्लं बहुतेक धडधाकट निघतात. बहुतेक, हा शब्द मी दोनदा म्हणाले. नवा नर तपासून आणला. माझ्या शब्दावर त्या दोघांनी सोनीला ठेवलं, आणि पावणेचार महिने मी मनातून धास्तावलेली होते. पुस्तकात लिहिलेलं परदेशातल्या त्या लांबच्या नातेवाइकाबद्दल होतं. आमच्या थरथऱ्याने ते पुस्तक वाचलेलं नव्हतं.

व्यायच्या आधी डुकरीण करते, तसं सोनीने गवत गोळा करायला सुरुवात केली आणि सकाळी फोन आला. मी, खैरनार आणि अनघा, तिघंही गेलो. खरं तर तिघांचं काहीच काम नव्हतं. शेडच्या दाराशी जाऊबाई होत्या, त्यांच्या मागे भावकीतल्या आणखी दोघी. पहिलं पिल्लू बाहेर आलं. रंजनाताईंनी त्याचं तोंड पुसलं आणि ओल्या फरशीवर ठेवलं. ते उभं राहिलं, आणि त्याचे मागचे पाय लटपटले. अनघाने माझा हात धरला. पिल्लू बसलं, पुन्हा उठलं, पुन्हा घसरलं.

"फरशी वली हाय," रंजनाताई म्हणाल्या. त्यांनी पेंढा ओढून त्याच्या पायाखाली सारला.

पिल्लू उठलं. चारही पाय रोवून उभं राहिलं. मग थेट आईकडे गेलं, आचळ तोंडात धरलं आणि चोखायला लागलं. कान स्थिर, शेपूट स्थिर, अंग स्थिर. फक्त घशाखाली दूध उतरताना दिसत होतं. त्याच्यामागून दुसरं आलं, तिसरं आलं, आणि ओळीने सगळी आचळं भरली. खैरनार अहिराणीत काहीतरी पुटपुटत होते. सुदामभाऊंनी टोपी काढून तोंड पुसलं.

मी सवयीने रक्ताच्या नळ्या काढायला पिशवी उघडली. रंजनाताई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ना मॅडम. पिऊ द्या आधी."

मी पिशवी बंद केली आणि पेंढ्यावर त्यांच्या शेजारी बसले.